पोट आत घेऊन दिलेलं माप

१४ जानेवारी

ताई,

तुझं पत्र तीन पत्त्यांवरून फिरत काल माझ्या हातात पडलं. पाकिटावर इतके शिक्के होते की मुकादम म्हणाला, तुझ्यापेक्षा हेच जास्त हिंडलंय. माझा फोन नदीत पडल्यापासून मी दुसरा घेतला नाही. बरंच झालं. फोनवर तू रडली असतीस आणि मी नुसतं 'हो, हो' करून ठेवून दिला असता.

अप्पांच्या आतड्यात गाठ, ती यकृतापर्यंत गेलेली, कापून काढता येत नाही, औषधानं आवरून धरायची. सगळं दोन ओळींत लिहिलंस. त्या दोन ओळी मी शीतगृहाच्या पायरीवर बसून वाचल्या. इथे सफरचंदं ठेवतात. खोलीतला प्राणवायू काढून घेतात, त्यामुळे फळांना कळतच नाही की आपण झाडावरून उतरलोय. आठ-आठ महिने गुमान झोपून राहतात. आत माणूस गेला तर तोही झोपेल, म्हणून दाराला दोन कुलपं. एकदा एक मांजर... पण ते जाऊ दे, काय सांगत होतो मी?

हां. डॉक्टरला म्हणावं, सगळ्यात जालीम औषध द्या. उगाच चाचपडत बसू नका. अप्पा दणकट आहेत, तीन पायांच्या टेबलावर उभं राहून पंखा बसवणारा माणूस आहे तो. आणि मी मार्चअखेर येतोच. हंगाम संपला की निघालोच समज.

तुझा,
भिंगऱ्या


१ फेब्रुवारी

भिंगऱ्या,

जालीम औषध द्यायला घरात काय उंदीर झालेत?

नीट वाच. एरवी वाचतोस तसं मधून मधून नको. डॉक्टरबाई साधारण माझ्याच वयाच्या आहेत. त्यांनी कागदावर एक झाड काढून दाखवलं. आधी एक औषध, दोन महिन्यांनी तपासणी, शरीर काय म्हणतंय ते बघायचं आणि त्यावरून पुढची फांदी धरायची. प्रत्येक फांदीपाशी दोन बाजू लिहिल्या: काय मिळेल आणि काय जाईल. म्हणाल्या, "आधीच आखलेला कार्यक्रम नाही हा. तुमचं शरीर आणि तुमचं म्हणणं, दोन्ही ऐकत पुढे जायचं."

अप्पांची कळी खुलली. "म्हणजे रेडिमेड नाही, मापाचं आहे. कच्चा टाका, ट्रायल, मग पुढचा टाका. आम्ही दुसरं काय करतो, बाई?"

मग बाईंनी विचारलं, "तुम्हाला सगळ्यात जास्त काय जपायचंय?"

मला वाटलं होतं, अप्पा 'आयुष्य' म्हणतील. ते म्हणाले, "बोटं." जोरदार औषधानं बोटांची टोकं बधिर होतात, कधीकधी कायमची. अप्पा म्हणाले, "चाळीस वर्षं मी डोक्यानं कमी आणि बोटांनीच जास्त विचार केलाय. ती गेल्यावर मी घरात नुसता बसून तुम्हाला काय दिसणार?" म्हणून सध्या सौम्य औषध चालू केलंय. त्यानं गाठ आवरेल याची खात्री कमी, पण हात शाबूत.

बाईंनी एक बजावलं: "त्रास होईल तेवढा खरा सांगायचा. तुमच्या सांगण्यावर मी मात्रा ठरवणार." यावर अप्पा जे हसले! "मला सांगता? माझं प्रत्येक गिऱ्हाईक माप देताना पोट आत घेतं, आणि मग कोट घट्ट झाला की माझ्या नावानं ओरडतं. मी म्हणतो, श्वास सोडा, साहेब. मला तुमचं खरं पोट हवंय."

तुझ्यासाठी निळ्या गरम कापडाचा कोट बेतलाय. माप वहीतलं आहे, तू सतरा वर्षांचा असतानाचं. ट्रायल झाल्याशिवाय पक्की टीप मारत नाहीत, हे तुला माहीत आहे. तेव्हा ये.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

ते झाड माझ्या डोक्यातून जाईना. इथल्या बागेत एक म्हातारा कलमं बांधतो. मी त्याला विचारलं, चुकीची फांदी छाटली तर? तो म्हणाला, झाड थांबून राहत नाही, ते उरलेल्या फांदीतून वाढतं. मग त्यानं मला अर्धा दिवस सुतळी धरून उभं केलं, त्यामुळे टपालाची वेळ टळली, म्हणून हे पत्र चार दिवस उशिरा.

पण ताई, मला एक पटलं नाही. बोटं कसली जपताय? माणूस राहिला तर सगळं राहिलं. बोटं काय, मी येऊन दोरा ओवून देईन. अप्पांना सांग, भिंगऱ्या म्हणाला, जेवढा वेळ मिळेल तेवढा पदरात पाडून घ्या. बाकी नंतर बघू.

मार्च मात्र जमेलसं दिसत नाही. पलीकडच्या खोऱ्यात लांबलचक लोखंडी पूल रंगवायचं काम निघालंय. उंचावरून खाली बघितलं की गाड्या मुंग्यांएवढ्या दिसतात म्हणे. मे महिन्यात येतो. पक्कं. मे.

भिंगऱ्या


१६ मार्च

भिंगऱ्या,

तुझं पत्र अप्पांनी माझ्या हातातून घेऊन स्वतः वाचलं. दोनदा. मग घडी घालून माप-वहीत ठेवलं.

तपासणी झाली. सौम्य औषधानं काही झालं नाही, गाठ वाढलीय. आता दुसरी फांदी. एक वाट अशी की थोड्या मात्रेत दुसरं औषध घ्यायचं आणि जमेल तेवढे दिवस शिवण करत राहायचं. दुसरी वाट ते जोरदार औषध, दर पंधरा दिवसांनी शिरेतून. बाई म्हणाल्या, दहातल्या चार-पाच जणांना त्यानं काही महिने जास्त मिळतात. कोणाला, ते आधी सांगता येत नाही. पुन्हा तोच प्रश्न विचारला.

या वेळी अप्पा म्हणाले, "वेळ."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी अप्पांकडे. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.

तर ते चालू झालंय. एक छोटी वही दिलीय. रोज बोटांचा आकडा लिहायचा. शून्य म्हणजे ठीक. एक म्हणजे मुंग्या. दोन म्हणजे बटण लावायला अडचण. तीन म्हणजे काहीच कळत नाही. दोन आले की बाई औषध कमी करणार किंवा काढून घेणार, कारण त्यानंतर गेलेलं परत येत नाही. आतापर्यंत रोज 'एक' आहे.

गार पाण्याला हात लावता येत नाही त्यांना, कळ येते. बाकी स्वभाव तसाच. काल इस्त्रीवाल्या काकूंना म्हणाले, "तुमच्या हातची इस्त्री बघून गाठसुद्धा सपाट व्हायची." काकू हसल्या आणि मागच्या दारात जाऊन डोळे पुसत बसल्या.

मे म्हणालास. मी त्यांना तसं सांगितलंय.

ताई


२० एप्रिल

ताई,

पुलावर आहे. वारा फार असतो, म्हणून थोडक्यात लिहितो.

काम लांबणार असं दिसतंय. अर्धा पूल गंजलेला निघाला, घासल्याशिवाय रंग धरत नाही. मे कठीण आहे. जूनअखेर नक्की. तोपर्यंत औषध चालू ठेवा, मध्ये सोडू नका.

दुकानाच्या दाराला निळा रंग दिलात ते छान केलंत. जुना तपकिरी रंग मला कधीच आवडला नव्हता.

आमच्याबरोबर एक कुत्रं शिडीवरून वर येतं, दुपारी डबे सुटले की. खाली उतरता येत नाही त्याला. रोज कोणीतरी पोत्यात घालून उतरवतो.

भिंगऱ्या


४ जून

भिंगऱ्या,

हे शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उठू नकोस. वाटेत कुत्रं-मांजर काही भेटलं तरी.

परवा सकाळी अप्पा तुझ्या कोटाच्या कॉलरला आतला कॅनव्हास टाचत होते. मी चहा घेऊन गेले. गुणगुणत होते. सुई डाव्या हाताच्या बोटातून पलीकडे जाऊन कापडात शिरली होती. बोट कापडासकट टाचलं जात होतं. कॅनव्हास लाल झाला होता आणि ते पुढचा टाका घालत होते.

मी ओरडले, "अप्पा, बोट!"

ते म्हणाले, "कुठलं?"

बाईंनी टाचणी टोचून तपासलं. डोळे मिटायला लावून विचारत गेल्या, कळतंय का, आता कळतंय का. दहाही बोटं तीन. पायही तसेच. वहीत रोज 'एक'. बाईंनी वही पहिल्या पानापासून उलटून बघितली. मग म्हणाल्या, "मार्चनंतर मला खरं कळलं असतं तर मी एप्रिलमध्येच मात्रा उतरवली असती. बोटं बरीचशी वाचली असती." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

बाहेर आल्यावर मी अप्पांना विचारलं, का? जन्मभर गिऱ्हाइकांना श्वास सोडायला लावलात आणि स्वतः पोट आत घेऊन माप दिलंत?

"दोन म्हटलं असतं तर त्यांनी औषध काढून घेतलं असतं," ते म्हणाले. "मला मे गाठायचा होता. मग म्हणालास जून."

माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले 'म्हणालास'. जसा काही तूच समोर होतास.

आता ऐक. गाठ जरा आक्रसली होती, आता पुन्हा वाढतेय. तिसरी फांदी उरलीय. नवीन औषध, दहातल्या एकाला उपयोग, आणि नऊ जणांना नुसतं ढवळणं, उलट्या, अंथरूण. किंवा थांबायचं, आणि जे दिवस असतील ते दुकानात बसून काढायचे. बाई कुठलंही चूक म्हणत नाहीत. अप्पा मला विचारतात, भिंगऱ्याचं पत्र आलं का? म्हणजे तुझी तारीख बघून ते फांदी धरणार. तुला अजून कळलं नसेल तर सांगते: तुझ्या तारखा आम्ही त्यांच्या औषधात कालवल्या आणि त्यांना पाजल्या.

म्हणून या वेळी खरं लिही. येणार असशील तर कधी, आणि नसशील तर 'येत नाही' असं लिही. तेही उत्तर आहे. मी रडेन, पण बाईंना नेऊन देईन.

आणि एक. दाराला निळा रंग मी मार्चच्या शेवटी दिला. कुठल्याही पत्रात लिहिला नव्हता. तुला कोणी सांगितलं?

ताई


१५ जून

ताई,

मीच बघितला.

नऊ एप्रिलला आलो होतो. तुला न सांगता, चकित करायला. पिशवीत सफरचंदं होती. समोरच्या फुटपाथवर, दिव्याच्या खांबाला टेकून उभा राहिलो. निळं दार बघून मला आधी वाटलं, दुकान विकलं. मग काचेतून अप्पा दिसले. पाठमोरे. पुतळ्याला कोट घालत होते. ताई, त्यांच्या सदऱ्याची कॉलर मानेपासून चार बोटं लांब उभी होती. ज्या माणसानं सगळ्या गावाच्या कॉलरी मानेला चिकटवल्या, त्याची.

त्यांचा खडू पडला. ते वाकून शोधायला लागले. हात खडूवरच होता. त्यावरूनच फिरत होता. आणि त्यांना कळत नव्हतं की आपल्या हाताखाली खडू आहे.

मी रस्ता ओलांडायचं ठरवलं. एक गाडी जाऊ दिली, मग दुसरी. मग रस्ता मोकळा होता तरी उभाच. मग मागे वळलो. सफरचंदं स्टेशनच्या बाकावर ठेवली.

म्हणजे बोटांचं मला एप्रिलमध्येच माहीत होतं. बाईंना नव्हतं, तुला नव्हतं, मला होतं. एक ओळ लिहिली असती तर पुरलं असतं. पण ती लिहायची म्हणजे मी आलो होतो आणि पळालो हे लिहायला लागलं असतं. म्हणून मी पुलाचा गंज लिहिला, कुत्रं लिहिलं. आणि 'औषध चालू ठेवा' असंही मीच लिहिलं.

माझ्या तारखेवर काही ठरवू नका. मला तारीख पाळता येत नाही, हे अप्पांना पाळण्यापासून माहीत आहे. तरी त्यांनी धरली. नवीन औषध माझ्यासाठी घेऊ नका. त्यांना जे हवंय ते त्यांना विचार, माझं पत्र मध्ये न ठेवता.

मी येतोय. शुक्रवारी निघतो. तीन गाड्या बदलायच्या, महिनाअखेरपर्यंत पोचेन. हे पत्र त्यांना वाचून दाखव. सगळं. खडूचंही.

भिंगऱ्या


९ जुलै

भिंगऱ्या,

हे टपालात टाकत नाही, कारण तू कुठे आहेस हे टपालालाही माहीत नाही. दुकानातल्या मशीनवर, सुईजवळच्या दाबपट्टीखाली ठेवतेय. किल्ली इस्त्रीवाल्या काकूंकडे.

अप्पा तीन तारखेला गेले. सकाळी, साडेनवाच्या सुमारास, खुर्चीत. मी केस विंचरत होते.

तुझं पत्र बावीसला आलं. मी सगळं वाचलं, खडूसकट. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. ते नुसतं "हं" म्हणाले, आणि थोड्या वेळानं "सफरचंदं फुकट गेली की" म्हणाले. मग बाईंकडे घेऊन चल म्हणाले.

बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. अप्पा म्हणाले, "आता काही जपायचं राहिलं नाही, बाई. पोरगा येतोय, त्याच्याबरोबर बसून चहा पिता आला पाहिजे. पोटात ढवळत असेल तर कसा पिणार? नको तुमची तिसरी फांदी." बाई म्हणाल्या, ठीक आहे. सहा-आठ आठवडे मिळतील असं त्यांना वाटत होतं. तेही मापच, चुकतं कधीकधी. अकरा दिवस मिळाले. त्यातले आठ खरोखर चांगले होते. दुकानात बसले, दोन गिऱ्हाइकांना नावं ठेवली, माझ्या शिवणीची टिंगल केली. रोज दोन कप चहा ठेवायला लावायचे. दुसरा गार झाला की मी पिऊन टाकायची.

तीस तारखेला त्यांनी दाढी करून घेतली. एकतीस तारीख जूनला नसते, हे त्यांना मीच सांगितलं.

कोट पुतळ्यावर आहे. खिशात तुझ्यासाठी चिठ्ठी आहे. ती लिहायला त्यांना अख्खी दुपार लागली, पेन दोनदा हातातून सुटलं आणि त्यांना ते जमिनीवर पडल्याचा आवाज आल्यावर कळलं. मी वाचलेली नाही.

मी सहा दिवस वाट बघितली. माझी रजा संपली, उद्या सकाळची गाडी धरून शाळेत शिकवायला हजर व्हायचंय. मी तुझ्यावर रागावलेय. जेवला आहेस का, हेही डोक्यात येतं. दोन्ही एकदमच होतं, त्याला मी काय करू? डबा काकूंकडे ठेवलाय. बघ.

ताई


१२ जुलै

ताई,

परवा संध्याकाळी पोचलो. तू त्याच दिवशी सकाळी गेलीस, काकूंनी सांगितलं. डबा दिला, किल्ली दिली.

उशीर का झाला ते सांगतो, मग मला काय म्हणायचं ते म्हण. दुसरी गाडी जिथे बदलायची होती तिथून दोन तासांवर एक गाव आहे, तिथले लोहार कात्र्या बनवतात. मला वाटलं, बोटांना कळत नसेल तर मोठ्या मुठीची, तळहातानं दाबायची कात्री करून न्यावी. लोहार म्हणाला, चार दिवसांत देतो. मी हिशोब केला: औषध थांबवलं असेल, तरी काही आठवडे आहेतच, त्यातले चार दिवस गेले तर काय झालं, कात्री तर कायमची. चाराचे नऊ झाले. रोज म्हणायचा, उद्या या. तीन तारखेच्या सकाळी साडेनवाला मी त्याच्या भट्टीपाशी बसून, मूठ अजून जरा रुंद कर म्हणत होतो.

कात्री फार चांगली झालीय. मशीनवर ठेवलीय.

चिठ्ठी काल उघडली. तुला वाचायचा हक्क आहे, म्हणून उतरवून काढतो. अक्षरं इंचभर मोठी आहेत आणि एकमेकांवर चढलीत:

"भिंगऱ्या. एप्रिलच्या नऊला तू आरशात दिसलास. खांबापाशी. ट्रायलच्या आरशात समोरचा फुटपाथ सगळा दिसतो, तुला ठाऊक नाही, तू कधी आत उभा राहिला नाहीस. हाक मारली असती तर पळाला असतास. म्हणून खडू शोधत बसलो, म्हटलं तेवढा वेळ उभा राहशील. राहिलास. खांदे वहीतल्यापेक्षा पाऊण इंच वाढलेत. उजवा जरा खाली, ओझी उचलतोस म्हणून. कोट उसवून पुन्हा बेतला. ताईला सांगू नको, ती उगाच आपल्याला दोघांना ओरडेल. ट्रायल झाली असं धरतो. अप्पा."

ताई, खडू त्यांना सापडला होता. सुरुवातीलाच.

की सापडला नव्हता, आणि हे मला बरं वाटावं म्हणून लिहिलंय? तू सांगू शकशील का? तू रोज त्यांचे हात बघत होतीस. पण नको सांगूस. मला आता कुठलं खरं हवंय, ते माझं मलाच कळत नाही.

काल दुपारी कोट घातला. सगळा पांढऱ्या कच्च्या टाक्यावर आहे, हलवला की दोरे कुरकुरतात. कॉलरच्या आत बोट घालून बघितलं, कॅनव्हासवर तो डाग आहे, वाळून कडक झालेला. आरशासमोर उभा राहिलो. मागे निळं दार, काच, रस्ता, खांब, सगळं आरशात दिसत होतं. खांबापाशी कोणी नव्हतं.

खांदे बरोब्बर बसलेत. उजवा जरा खाली आहे, तेवढाच खाली.

पोटाशी मात्र कोट जरासा सैल वाटत होता. म्हटलं, अप्पांचं इथे चुकलं. मग लक्षात आलं, मीच कधीपासून पोट आत घेऊन उभा आहे. सोडला श्वास.

सैल नाहीये, ताई.

भिंगऱ्या